बिअरची कृती दुसऱ्याच्या हाती देताना : उतारा, पाणी आणि दिवसाचे वेळापत्रक कसे लिहावे

काही वर्षांपूर्वी ऑरेगनमधील पोर्टलंडला, माझ्या गॅरेजमध्ये, ‘अमेरिकन पेल एल’ या प्रकारची बिअर फार चांगली जमून आली आणि तिची कृती मी इलिनॉयमध्ये राहणाऱ्या एका मित्राला मोठ्या उत्साहाने पाठवली. कागदावर एवढेच होते : माल्ट ४.६ किलो, मॅग्नम हॉप्स २० ग्रॅम, कॅस्केड हॉप्स १०५ ग्रॅम, यीस्टचे एक पाकीट, २० लिटर. (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू, हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुले; मॅग्नम आणि कॅस्केड या त्यांच्या जाती.) मित्र काटेकोर माणूस असल्यामुळे त्याने प्रत्येक वस्तू तोलून घेतली; तरीही माझ्याकडे किण्वनापूर्वीची, म्हणजे यीस्ट साखरेचे मद्य करू लागण्याआधीची, घनता १.०५० आली होती (पाण्याची १.०००; साखर जितकी जास्त तितका आकडा मोठा), तिथे त्याला १.०४२ मिळाली, आणि महिन्याभराने त्याने बाटली उघडली तेव्हा बिअर पातळ आणि नको इतकी कडू लागली. त्याच्या हातून काहीही चुकले नव्हते. चूक माझ्या कागदात होती, कारण माझी भांडी, माझे पाणी आणि माझ्या हॉप्सचा कडूपणा मी मनात गृहीत धरला होता आणि त्यांतले काहीच लिहिले नव्हते.

चांगला स्वयंपाक येणारी व्यक्ती ‘चवीपुरते मीठ’ लिहून मोकळी होते, कारण मीठ चाखून वाढवता येते. बिअरमध्ये ती सोय नाही. सकाळी भांड्यात पडलेल्या माल्टचा परिणाम पेल्यात कळायला चार-पाच आठवडे जातात आणि तोवर दुरुस्तीची वेळ निघून गेलेली असते. म्हणून घरी बिअर करणाऱ्याने आपली कृती दुसऱ्याला देताना कोणती माहिती द्यावी आणि बिअर करण्याच्या दिवसाची आखणी कशी लिहावी, हे त्याच पेल एलचे उदाहरण घेऊन पुढे मांडले आहे.

त्याआधी कायद्याविषयी स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेत घरी स्वतःपुरती बिअर करण्यास संघराज्याच्या कायद्याने मोकळीक मिळाली ती राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केलेल्या विधेयकामुळे. एका प्रौढ व्यक्तीच्या घराला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन अशी तिची मर्यादा आहे, आणि ही बिअर विकता येत नाही. राज्यांचे कायदे मात्र वेगळे होते. अलाबामा आणि मिसिसिपी या शेवटच्या दोन राज्यांनी परवानगी दिली ती २०१३ मध्ये. महाराष्ट्रात मुंबई राज्याच्या काळापासून चालत आलेल्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि ‘घरच्यापुरते’ ही सबब तेथे चालत नाही. पुढील मार्गदर्शन जेथे ही गोष्ट कायदेशीर आहे तेथील वाचकांसाठी आहे.

वजनाआधी उतारा

साखर कारखान्याच्या परिसरात वाढलेल्या कोणालाही ‘उतारा’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही : टनभर उसातून किती साखर हाती आली, त्यावर सगळे गणित ठरते. माल्टचेही तसेच आहे. गरम पाण्यात भिजवल्यावर त्यातील स्टार्चची साखर होते आणि ती पाण्यात उतरते. पण सगळी उतरत नाही. काही चोथ्यात राहते, काही भांड्याच्या तळाच्या गाळात जाते. म्हणून ‘४.६ किलो माल्ट’ हे वाक्य उताऱ्याशिवाय अर्धवट आहे.

माझ्या कृतीचे गणित असे. ४.३ किलो पेल (फिके, मुख्य) माल्ट आणि ३०० ग्रॅम क्रिस्टल (रंग आणि गोडसरपणा देणारे, भाजलेले) माल्ट. घनतेतील दशांशानंतरचे आकडे गुण म्हणून मोजले, तर १.०५० म्हणजे ५० गुण होतात. पेल माल्टच्या एका किलोतून सगळा अर्क निघाला असे मानल्यास तो एका लिटरमध्ये सुमारे ३०५ गुण देतो आणि क्रिस्टल सुमारे २८४. म्हणजे दोन्ही मिळून जवळजवळ १३९७ गुण. प्रत्यक्षात माझ्या फर्मेंटरमध्ये, म्हणजे किण्वनाच्या भांड्यात, २० लिटर द्रव ५० गुणांनी पोहोचला, म्हणजे १००० गुण. माझा उतारा ७२ टक्के झाला. मित्राचा त्याच हिशेबाने ६० टक्के निघाला, कारण दुकानातून दळून आणलेले त्याचे माल्ट फार जाडे भरडलेले होते आणि निम्मे दाणे अखंडच राहिले होते.

यावरून कृती लिहिण्याची पद्धत आपोआप ठरते. माल्टचे प्रमाण आधी टक्क्यांत द्यावे (येथे पेल ९३.५ टक्के, क्रिस्टल ६.५ टक्के), नंतर वजन द्यावे, आणि त्याच ओळीत ‘७२ टक्के उताऱ्याला, फर्मेंटरमध्ये २० लिटर, घनता १.०५०’ असे लिहावे. घेणाऱ्याने माझ्या वजनाला ७२ ने गुणून आपल्या उताऱ्याने भागले की त्याचे वजन मिळते. मित्रासाठी ते ५.५ किलो येते. उतारा कुठे मोजला हेही लिहावे, कारण उकळण्याच्या भांड्यातला उतारा आणि फर्मेंटरमधला उतारा यांत तळाच्या गाळाइतका फरक पडतो. क्रिस्टल माल्टचा रंग सांगताना अमेरिकेतील लोव्हिबाँड आणि युरोपातील ईबीसी ही मापे वेगळी आहेत, हे ध्यानात ठेवावे. माझे क्रिस्टल ६० लोव्हिबाँडचे आहे, आणि नुसते ‘क्रिस्टल ६०’ वाचून युरोपातील माणूस बरेच फिके माल्ट उचलेल. गॅलन शक्यतो लिहूच नये. अमेरिकन गॅलन ३.७९ लिटरचा आणि ब्रिटिश गॅलन ४.५५ लिटरचा असल्याने ‘पाच गॅलन’ हे एका ठिकाणी १९ लिटर होते आणि दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ २३.

हॉप्स आणि पाणी

हॉप्सच्या फुलांमधील अल्फा आम्लामुळे बिअरला कडूपणा येतो आणि त्याचे प्रमाण जातीनुसारच नव्हे, तर त्याच जातीच्या दर वर्षीच्या पिकानुसार बदलते. माझ्या मॅग्नमच्या पाकिटावर १२ टक्के छापलेले होते, मित्राच्या १५ टक्के. म्हणून त्याच २० ग्रॅममध्ये त्याच्या बिअरला सव्वापट कडूपणा आला, आणि बिअरचे अंग, म्हणजे चवीतला भरीवपणा, आधीच हलके झाल्यामुळे तो अधिकच जाणवला. त्याने १६ ग्रॅम घ्यायला हवे होते : माझे वजन गुणिले माझी टक्केवारी, भागिले त्याची टक्केवारी. वासासाठी शेवटी घालण्याच्या हॉप्सना हे सूत्र लावू नये. तेथे वजनच महत्त्वाचे असते, म्हणून ते ‘लिटरला २ ग्रॅम’ असे लिहिले की कोणत्याही आकाराच्या भांड्याला लागू पडते.

हॉप्सच्या वेळांबाबत एक गैरसमज नवख्यांना हमखास होतो. कृतीत ‘१० मिनिटे’ लिहिलेले असते, त्याचा अर्थ उकळी संपायला १० मिनिटे उरली असताना, असा आहे. उकळी सुरू झाल्यावर १० मिनिटांनी असा नाही. हा संकेत जुन्या मंडळींच्या अंगवळणी पडलेला असल्याने ते तो उलगडून सांगत नाहीत, आणि नवखा माणूस वासाचे कॅस्केड ५० मिनिटे उकळून त्याचा सगळा सुगंध वाफेबरोबर घालवतो. पूर्ण वाक्य लिहायला चार शब्द जास्त लागतात, ते लिहावेत.

पाण्याबद्दल बहुतेक कृती गप्प असतात. पोर्टलंडला बुल रन जलाशयाचे पाणी येते आणि ते अतिशय मृदू आहे, म्हणून या पेल एलसाठी मी एकूण ३२ लिटर पाण्यात ५ ग्रॅम जिप्सम आणि ३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घालतो. मित्राकडे बोअरचे जड पाणी आहे; त्यात आधीच भरपूर कॅल्शियम आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे सामू चढवणारे बायकार्बोनेट असल्यामुळे त्याने माझे क्षार तसेच्या तसे घातले असते, तर फायदा काहीच झाला नसता. म्हणून ‘५ ग्रॅम जिप्सम’ एवढेच न लिहिता मूळ पाणी कसे आहे ते लिहावे आणि मॅशचा, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टचा, सामू किती आला तेही लिहावे, तो ५.२ ते ५.६ च्या दरम्यान असला म्हणजे झाले. नळाच्या पाण्यात क्लोरामाइन (जंतू मारण्यासाठी घातलेले क्लोरीनचे संयुग) असेल, तर ते उकळून सहजी जात नाही. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची अर्धी गोळी कुस्करून या ३२ लिटर पाण्यात ढवळली की काही मिनिटांत काम होते. ती विसरली, तर माल्टमधील फिनॉलशी क्लोरीनचा संयोग होऊन दवाखान्यातल्या मलमपट्टीसारखा वास येतो आणि तो शेवटपर्यंत जात नाही.

दिवसाची आखणी

कृती म्हणजे काय घालायचे आणि आखणी म्हणजे ते केव्हा घालायचे. माझ्या अनुभवाने कृतीपेक्षा आखणी वाटणे अधिक उपयोगाचे ठरते, कारण बहुतेक चुका गडबडीत होतात आणि गडबड ही पुढची पायरी माहीत नसल्यामुळे होते.

पाण्याचा हिशेब उलट्या दिशेने, शेवटापासून मागे येत मांडावा. फर्मेंटरमध्ये २० लिटर हवे आहे. भांड्याच्या तळाशी हॉप्स आणि गाळाबरोबर २ लिटर राहतात. गरम द्रव थंड होताना सुमारे ४ टक्के आकसतो, म्हणजे जवळजवळ एक लिटर. तासाभराच्या उकळीत माझ्या भांड्यातून ४ लिटर वाफ होते. म्हणून उकळीच्या सुरुवातीला २७ लिटर असले पाहिजेत. किलोमागे एक लिटर पाणी चोथा धरून ठेवतो, म्हणून ४.६ लिटर त्यात मिळवून एकूण ३२ लिटर पाणी लागते : १४ लिटर मॅशला आणि १८ लिटर चोथा धुवायला. घेणाऱ्याने यातील वाफेचा आकडा स्वतःचा घालावा. तो काढण्यासाठी रिकाम्या दिवशी भांड्यात साधे पाणी तासभर उकळून आधीची आणि नंतरची पातळी लाकडी पट्टीवर खूण करून मोजावी. एवढी एक चाचणी केली की पुढची अनेक वर्षे हिशेब चुकत नाही.

आदल्या रात्री माल्ट तोलून भरडून ठेवावे. भरड लापशी रव्यासारखी असावी, पण टरफल शक्यतो अखंड असावे, कारण चोथ्यातून द्रव गाळताना तेच टरफल चाळणीचे काम करते. माझ्या गिरणीच्या रुळांत १ मिलिमीटरचे अंतर असते. हॉप्स वेगवेगळ्या वाट्यांत तोलून प्रत्येक वाटीवर वेळेची चिठ्ठी लावून फ्रीजमध्ये ठेवावेत. पाणी भरून त्यात क्षार आणि गोळी घालून ठेवावी.

सकाळी ८ वाजता पाणी तापवायला ठेवतो. मॅश ६७ अंश सेल्सिअसला हवी असेल आणि माल्ट २० अंशांवर असेल, तर १४ लिटर पाणी ७३ अंशांच्या किंचित वर असावे लागते. थंडीत गॅरेजमधील माल्ट ८ अंशांवर असते तेव्हा तेच पाणी ७५ अंश लागते. म्हणून आखणीत पाण्याच्या तापमानाबरोबर माल्टचे तापमानही लिहावे. पावणेनऊला माल्ट घालायला सुरुवात करावी आणि हे काम दोघांनी करावे : एकाने बारीक धारेने ओतावे आणि दुसऱ्याने खालून वर ढवळत राहावे. पिठल्यात बेसन एकदम टाकल्यावर जशा गुठळ्या होतात, तशाच येथे होतात. वरून ओल्या दिसणाऱ्या गुठळीच्या पोटात पीठ कोरडेच असते आणि तेवढी साखर हातची जाते. ढवळून झाल्यावर तापमान एका ठिकाणी न पाहता मध्यभागी आणि कडेला असे दोन-तीन ठिकाणी पाहावे. ६७ अंश ही तडजोड आहे. ६४-६५ च्या आसपास यीस्टला खाता येईल अशी साखर जास्त होते आणि बिअर कोरडी होते, तर ७० कडे गेल्यास ती भरीव आणि किंचित गोडसर राहते. नुसते ‘मॅश करा’ असे लिहिणाऱ्याने बिअरचे अंग कसे असावे, हा निर्णयच वाचकावर सोपवलेला असतो.

तासाभराने खालची तोटी थोडीशी उघडावी. सुरुवातीला पिठाळ, गढूळ द्रव येतो. तो भांड्यात धरून चोथ्यावर हलकेच परत ओतावा. चार-पाच वेळा असे केले की धार तांबूस आणि स्वच्छ होते, आणि तो क्षण कृतीत लिहिता येत नसला तरी डोळ्यांना लगेच कळतो. मग ७६ अंशांचे १८ लिटर पाणी हळूहळू वरून सोडत राहावे. या कामाला ४५ मिनिटे द्यावीत. घाई केली की उतारा पडतो. भांड्यात २७ लिटर जमले की नमुना थंड करून घनता पाहावी, ती १.०४२ च्या आसपास असावी. ही नोंद फार मोलाची आहे, कारण कमी पडले असेल तर उकळी वाढवून सुधारण्याची संधी याच टप्प्यावर असते. घनता मोजणारा हायड्रोमीटर २० अंशांना जुळवलेला असेल, तर गरम द्रवात तो खोटा आकडा दाखवतो.

सव्वाअकराच्या आत उकळी फुटते. त्या वेळी जागचे हलू नये. दूध उतू जावे तसा तपकिरी फेस एका मिनिटात काठापर्यंत येतो. आच कमी करून ढवळत राहिले की तो मोडतो. फेस बसला की घड्याळ लावावे आणि मॅग्नम घालावे. झाकण ठेवू नये, कारण माल्टमधून तयार होणारे आणि शिजलेल्या मक्यासारखा वास देणारे गंधकाचे संयुग वाफेबरोबर बाहेर गेले पाहिजे. शेवटची १५ मिनिटे उरली असताना तांब्याची शीतक नळी उकळत्या द्रवात सोडावी म्हणजे ती निर्जंतुक होते. १० मिनिटे उरली असताना २५ ग्रॅम कॅस्केड आणि आच बंद केल्यावर ४० ग्रॅम कॅस्केड घालावे. हे हॉप्स ऑरेगनमध्येच पैदास होऊन १९७२ मध्ये लागवडीसाठी खुले झाले आणि अमेरिकन पेल एलला ग्रेपफ्रूट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीसारखा जो वास येतो, त्याचा मोठा वाटा यांचाच आहे.

आच बंद झाल्यापासून पुढे ज्याचा ज्याचा द्रवाला स्पर्श होईल ते निर्जंतुक असलेच पाहिजे. फॉस्फोरिक आम्लाचे, धुवावे न लागणारे जंतुनाशक लिटरला दीड मिलिलिटर या प्रमाणात कालवून एका फवारणीच्या बाटलीत हाताशी ठेवावे. माझ्या नळीने २५-३० मिनिटांत द्रव १८ अंशांवर येतो, परंतु उन्हाळ्यात नळाचेच पाणी कोमट असेल, तर एवढ्या वेळात ते शक्य नाही. तेव्हा २५ अंशांवर आणून फर्मेंटर फ्रीजमध्ये ठेवावा आणि यीस्ट संध्याकाळी घालावे. यीस्ट म्हणून सॅफेल यूएस-०५ चे ११.५ ग्रॅमचे एक पाकीट या प्रमाणाला पुरते. एकूण वेळ साफसफाई धरून पावणेसहा तास लागतो, आणि ती साफसफाई आखणीत लिहिलेली असावी, कारण पहिल्यांदा करणारा माणूस दुपारी एकच्या पुढची दुसरी कामे ठरवून बसलेला असतो.

किण्वन आणि बाटल्या

येथे तापमान लिहिताना ते कशाचे आहे, ते लिहावे. जोरात किण्वन चालू असताना बिअर खोलीपेक्षा काही अंश गरम असते, म्हणून ‘१८ अंश’ हा आकडा फर्मेंटरच्या अंगाला चिकटवलेल्या तापमापकाचा आहे, असे मी स्पष्ट लिहितो. पाचव्या-सहाव्या दिवशी जोर ओसरला की ४० ग्रॅम कॅस्केड थेट फर्मेंटरमध्ये तीन दिवसांसाठी घालावे. घनता १.०११ च्या आसपास स्थिरावते. तेव्हा मद्यार्क ५.१ टक्के होतो. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन मोजमापे तंतोतंत सारखी आल्याशिवाय बाटल्या भरू नयेत. उरलेल्या साखरेवर बंद बाटलीत किण्वन चालू राहिले, तर बाटली फुटते आणि काचेचे तुकडे दूरवर उडतात. ही सूचना कृतीच्या कागदावर ठळक असावी. हाती येणाऱ्या सुमारे १९ लिटर बिअरला ११५ ग्रॅम साधी साखर उकळलेल्या थोड्या पाण्यात विरघळवून मिसळावी आणि बाटल्या दोन आठवडे २० अंशांवर ठेवाव्यात.

बिअरस्मिथ, ब्रूफादर यांसारखी सॉफ्टवेअर वापरणारे बिअरएक्सएमएल प्रकारची फाइल पाठवतात आणि ती सोयीची आहे. मात्र फाइल उघडणाऱ्याने आपला उतारा, आपली वाफ आणि आपल्या हॉप्सची टक्केवारी भरूनच पुढे जावे. कृती मुळात दुसऱ्या कोणाची असेल, तर ते नाव आणि आपण काय बदलले, हे दोन्ही फाइलच्या टिपणात लिहावे.

मी आता प्रत्येक आकड्यापुढे एक रिकामा रकाना ठेवून कागद पाठवतो : माझा आकडा डावीकडे, घेणाऱ्याचा उजवीकडे, आणि भरलेला कागद परत पाठवण्याची विनंती. मित्राने पुढच्या खेपेला ५.५ किलो माल्ट, त्यासाठी एक लिटर जास्त पाणी आणि १६ ग्रॅम मॅग्नम घेतले. त्याचा कागद परत आला तेव्हा उजव्या रकान्यात उकळीपूर्वी १.०४२ आणि फर्मेंटरमध्ये १.०४९ अशी नोंद होती, सामूपुढे ५.६ होते, आणि सामूच्या त्या आकड्याखाली त्याने पेन्सिलीने विचारले होते की पुढच्या वेळी निम्मे पाणी ऊर्ध्वपातित घेऊ का. मी ‘हो’ लिहून, बदल तेवढा एकच कर, असे कळवले.